डाव्या चाकाचे दहा नट

"दुधाच्या पातेल्यात," सून तिसऱ्यांदा म्हणाली. "आई, निदान दुसरं एखादं घ्यायचं होतं."

पातेलं ओट्याच्या मधोमध होतं. आत चहासारखं तांबडं झालेलं व्हिनेगर आणि तळाशी मोठ्या लिंबाएवढे सहा नट. घरात साप निघाल्यासारखे सगळे त्याच्याभोवती हातभर अंतर ठेवून उभे होते. दुधाची पिशवी सिंकमध्ये पडली होती आणि दूध तापवायला भांडं नव्हतं.

सासूबाईंचं, म्हणजे काकूंचं म्हणणं, त्याच एका पातेल्याचा तळ सपाट आहे, नट सारखे बुडतात. आणि व्हिनेगर गंज खातं, स्टील खात नाही. सुनेचं म्हणणं, कितीही घासलं तरी त्यातलं दूध आता तिच्या घशाखाली उतरणार नाही. भांडण सुरू इथे झालं खरं, पण एव्हाना ते बरंच लांब गेलं होतं. मुलानं आईच्या वयाचा विषय काढला होता, छप्पन्न. नवऱ्यानं तिच्या उजव्या मनगटावरच्या पट्ट्याचा. सून तेवढी पातेल्याला धरून होती, आणि खरं तर मुद्द्यावर तीच एकटी होती.

"मी पस्तीस वर्षं पोस्टात काढली," नवरा म्हणाला. "एक पाकीट कधी घरी आणलं नाही. हिनं आठवड्यात अख्खी बस आणली."

"बस डेपोतच आहे," काकू म्हणाल्या. "निघालेल्या चाकांचे नटच आणलेत साफ करायला."

"आणि ते डावं चाक आज निघालं नाही तर?"

"निघेल."

"दोन दिवस निघालं नाही ते."

काकूंनी पिशवी खांद्याला लावली, चपला सरकवल्या आणि निघाल्या. डबा ओट्यावर राहिला. डब्याशेजारी अर्धी जळलेली मेणबत्ती राहिली, तीही त्यांना दिसली नाही. शनिवार होता, आणि दुपारी बाराला त्या चाकावरचा त्यांचा हक्क संपणार होता.

त्यांना गंजकाकू हे नाव गल्लीतल्या शिंपीणबाईंनी दिलं. शिंपीणबाईंच्या शिलाई मशीनचा पायाकडचा बोल्ट तीन पुरुषांनी ओढून पाहिला होता. तिसऱ्याचा पाना मोडला, बोल्ट तसाच. काकूंनी दोन दुपारी त्या मशीनपुढे मांडी घालून काढल्या आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला बोल्ट काढून तळहातावर ठेवला, जसा काही शेंगेतून दाणा काढलाय. तेव्हापासून गल्लीत काहीही अडलं की गंजकाकू. खिडक्यांच्या बिजागऱ्या, सायकलींच्या सीट, बोळातल्या पाण्याच्या टाकीचं झाकण. एका निवृत्त मास्तरांच्या नकली पायाच्या गुडघ्यातला स्क्रू घट्ट बसला होता. मास्तर पाय काढून त्यांच्या हवाली करून दारातल्या पायरीवर पेपर वाचत बसले, आणि तो परत मिळाल्यावर कोपऱ्यापर्यंत चालून दाखवून आले.

काकूंचे वडील सायकलवाले. दुकान एवढं की सायकल आत घेतली की वडिलांना बाहेर बसावं लागे. मुलीला त्यांनी मुद्दाम काही शिकवलं नाही. पण ती शेजारी बसायची, आणि अडलेले नट हळूहळू तिच्याकडे सरकायला लागले, कारण वडिलांना धीर नव्हता. पाना घसरायचा, बोटं सोलायची, मग ते पान्याला, सायकलीला आणि गिऱ्हाइकाला एका दमात शिव्या घालायचे. मुलगी मात्र गंज तारेच्या ब्रशनं घासायची, रॉकेल आणि जुनं इंजिन ऑइल अर्धंअर्धं मिसळून थेंब सोडायची, मग नटाच्या सहाही बाजूंवर हातोडीनं टकटक करायची. मारायचं नाही, दार वाजवल्यासारखं वाजवायचं. घट्ट धरलेला नट बद्द वाजतो. आतून सुटायला लागला की आवाज मोकळा होतो. तो आवाज येईपर्यंत ती थांबायची.

वडिलांचा एकच नियम होता आणि तो ते स्वतः सोडून सगळ्यांना सांगत: सोडवायचा नट आधी आवळायचा. केसभर. तेवढ्यानं गंजाची पकड मोडते. मग सोडायचा.

लग्न होऊन ती ज्या घरात आली तिथे हत्यार म्हणून एक हातोडी होती, तीही दांड्यात हलणारी, कॅलेंडरचा खिळा ठोकण्यापुरती. न्हाणीघरातला एक नळ चार वर्षं बंद होता. घरातल्यांनी त्याला फडकं वाळत घालायची खुंटी करून टाकलं होतं. तिनं लग्नानंतर तिसऱ्या दिवशी तो उघडला. सासरे तांब्या घेऊन आत आले, नळातून पाणी पडताना पाहिलं आणि बाहेर जाऊन दोनदा परत येऊन पाहून गेले. तरीसुद्धा पुढची तीस वर्षं घरात या कामाला काम म्हटलं गेलं नाही. नवरा त्याला तुझी करमणूक म्हणायचा, मुलगा आईचं खेळणं. काकूही तसंच म्हणायच्या. जेवणं झाली, भांडी झाली, की मग पिशवी.

गेल्या शनिवारी शिंपीणबाईंचा भाऊ दारात आला. तो बस डेपोत फोरमन होता. डेपोची सगळ्यात पहिली बस मागच्या भिंतीला टेकून कैक वर्षं उभी होती, ती पुन्हा रस्त्यावर आणायचं ठरलं होतं. इंजिनाला माणूस होता, पत्र्याला माणूस होता, चाकं निघत नव्हती. साहेबांचा हुकूम, गॅसनं कापा. पण कापलं तर नटाबरोबर बोल्टही जाणार, आणि त्या मापाचे बोल्ट आता कुठे मिळत नाहीत. मग बस जिथे आहे तिथेच, नाहीतर भंगारात. फोरमननं साहेबांकडून आठवड्याची मुदत मागून घेतली होती. शनिवारी बारापर्यंत.

"एकही बोल्ट न मोडता चारी चाकं निघाली," तो म्हणाला, "तर मागे अजून अकरा गाड्या आहेत. माणूस ठेवायचा अधिकार माझा आहे. रोज आठ ते चार. तुम्हाला ठेवीन."

काकूंनी तेव्हा बघू म्हटलं आणि चहा टाकायला आत गेल्या. चहाची पावडर दोनदा घातली गेली. छप्पन्नाव्या वर्षी कुणीतरी त्यांना म्हणालं होतं की तुम्हाला ठेवीन.

सोमवारी त्या बसजवळ उकिडव्या बसल्या आणि बुधवार संध्याकाळपर्यंत तीन चाकं निघाली. डेपोतली माणसं आधी लांबून बघत होती, गुरुवारपासून जवळून, मग डबे घेऊन तिथेच जेवायला बसायला लागली. गॅसवाला कापायची नळी गुंडाळून, दोन सिलिंडरांच्या गाड्याला टेकून शेंगदाणे खात बसायचा. माणूस वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं. "काकू, मंत्र कुठला म्हणताय तेवढं सांगा," असं तो दर तासाला म्हणायचा.

गुरुवारी मागचं डावं चाक आलं आणि सगळं अडलं.

डाव्या चाकाची एक गोष्ट आहे. कुठलाही साधा नट डावीकडे फिरवला की सुटतो. पण त्या जुन्या गाड्यांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असत, म्हणजे गाडी पळताना नट आपोआप ढिले होऊ नयेत. ते उजवीकडे फिरवले की सुटतात. डेपोतल्या तरुण मेकॅनिकांना हे माहीत नव्हतं. काकूंना माहीत होतं, वडिलांकडून, कारण सायकलच्या डाव्या पेडललाही तसेच आटे असतात. पुढचं डावं चाक त्यांनी उजवीकडे फिरवूनच सोडवलं होतं आणि नंतर ते ऐकून सगळ्यांनी तोंडात बोट घातलं होतं. तेव्हा मागच्या डाव्या चाकाबद्दल प्रश्नच नव्हता. उजवीकडे.

तर दोन दिवस त्या उजवीकडे ओढत होत्या. ब्रश झाला, तेल झालं, हातोडी झाली. ब्लो लॅम्पनं नट तापवून त्यावर मेणबत्ती टेकवून झाली. तापलेल्या लोखंडात मेण पाण्यासारखं पातळ होतं आणि आट्यांच्या फटीत आपोआप शिरतं. आवाजही मोकळा यायला लागला होता, दहाही नटांचा. म्हणजे गंज सुटलाय. मग नट का हलत नाही, हे त्यांना कळेना. शुक्रवारी त्यांनी पान्याला हातभर लांब पाईप घालून ओढलं. मनगटात कळ आली, नट ढिम्म. रात्री जेवताना त्यांच्या हातातला घास दोनदा ताटात पडला, तो नवऱ्यानं पाहिला. सकाळी त्यानं पट्ट्याचा विषय काढला तो त्यावरून.

पावणेअकराला सून स्कूटरवरून डेपोच्या फाटकातून आत आली.

ती रागातच होती. दूध तिनं कढईत तापवलं होतं, पातेलं घासलं होतं, नट पुसून कोरडे केले होते, आणि हे सगळं ऐकवायचं असं ठरवूनच ती निघाली होती. पिशवीत डबा होता, नट होते आणि मेणबत्ती होती. बस मागच्या बाजूला आहे म्हणून कुणीतरी सांगितलं. ती वळसा घालून गेली आणि थांबली.

तिची सासू पाईपच्या टोकावर उभी होती. दोन्ही पायांनी. एका हातानं बसच्या खिडकीचा गज धरलेला, पदर कमरेला खोचलेला, आणि ती त्या पाईपवर हळूहळू हिंदकळत होती. आसपास सात-आठ माणसं. गॅसवाल्यानं नळ्या सोडवून ठेवल्या होत्या.

सुनेनं हे कधी पाहिलं नव्हतं. पाच वर्षांत तिनं सासूला खाली वाकून, गुडघ्यात मान घालून काहीतरी खुटखुट करताना पाहिलं होतं. एवढ्या माणसांच्या मध्ये, अशी उंचावर उभी, कधी नाही.

"मेणबत्ती राहिली होती," ती म्हणाली.

काकू खाली उतरल्या. मेणबत्तीचा आता उपयोग नव्हता, पण त्यांनी ती घेतली आणि पिशवीत ठेवली. घाम पुसला. सुनेनं चाकाकडे पाहिलं. पातेल्याचं ऐकवायचं होतं ते तिच्या तोंडून निघेना. काहीतरी बोलायचं म्हणून तिनं विचारलं, हा कुठल्या बाजूला उघडतो. काकूंनी थोडक्यात सांगितलं. डावं चाक, उलटे आटे, म्हणून उजवीकडे.

"मग आधी डावीकडे नेलात का?"

"डावीकडे कशाला?"

"आवळायला. बरणीचं झाकण अडलं की मला सांगता ना. आधी केसभर आवळ, मग सोड. पाच वर्षं ऐकतेय, आई. दर वेळी."

काकू चाकाकडे वळल्या.

त्यांनी आवळून पाहिलं नव्हतं. एकदाही नाही. बाकीच्या तिन्ही चाकांचा एकूण एक नट त्यांनी आधी आवळला होता, कारण तेव्हा कुणी बघत नव्हतं, किंवा लांबून बघत होतं. गुरुवारपासून माणसं टेकून बसायला लागली, गॅसवाला सहा फुटांवर शेंगदाणे खायला लागला, आणि एवढ्या डोळ्यांसमोर सुटत नसलेला नट आणखी आवळताना दिसणं त्यांच्या जिवावर आलं. म्हणतील, बाईला बाजूसुद्धा कळत नाही. म्हणून त्यांनी वडिलांचा नियम गाळला होता, आणि गाळलाय हे स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

त्यांनी पाना काढला, फिरवून उलट्या बाजूनं बसवला, पाईप घातला.

"सोडवता येईना म्हणून आता आवळताय?" गॅसवाला म्हणाला. जे कानावर पडू नये म्हणून दोन दिवस घालवले तेच शब्द. काकूंना वाटलं होतं तेवढे ते लागले नाहीत.

त्यांनी पाईपवर अर्धा भार टाकला. केसभर, म्हणून मनाशी म्हणत.

कट्, असा आवाज झाला. कोरडं लाकूड मोडावं तसा. सून एक पाऊल मागे सरली. फोरमननं डोळे मिटून घेतले, त्याला वाटलं बोल्ट गेला. काकूंनी हात सोडला नाही. लोखंड मोडल्याचा आवाज वेगळा असतो, तो त्यांना माहीत होता. त्यांनी पुन्हा भार टाकला, आणि पाना पुढे गेला. केसभर नाही, चांगला वीतभर. मग आणखी. आवळला जाणारा नट असा जात नाही. तो अडतो, जड होतो. हा हलका होत चालला होता.

काकू चाकापुढे बसल्या आणि तारेचा ब्रश घेऊन बोल्टाचं टोक घासायला लागल्या. उलट्या आट्यांच्या बोल्टाच्या टोकावर कारखान्यातच एक खूण ठोकलेली असते. पुढच्या डाव्या चाकावर ती दहाही बोल्टांना होती. इथली गंजानं खाल्ली असेल असं त्यांनी गुरुवारी धरून चालवलं होतं. आता घासलं तर टोक लखलखीत झालं, गुळगुळीत. खूण नव्हतीच कधी. शेजारच्या बोल्टाला नव्हती. त्याच्या शेजारच्याला नव्हती.

"फोरमन," त्या म्हणाल्या, "हे डावं चाक नाही."

फोरमन म्हणाला, काकू, जरा सावलीत बसा.

"गाडीच्या डाव्या बाजूला आहे, पण आहे उजवीकडचं. बोल्ट बघा. ज्यात बोल्ट बसतात तो मधला गोळा कधीतरी फुटला असेल, कुणीतरी दुसऱ्या गाडीच्या उजव्या बाजूचा आणून इथे बसवला. आटे सरळ आहेत. मी दोन दिवस सोडवत नव्हते, आवळत होते."

गॅसवाला हसायला लागला, आणि हसता हसता म्हणाला की म्हणजे काही न येणारा कुणीही असता तर त्यानं सवयीनं डावीकडेच फिरवला असता. काकू म्हणाल्या, हो. येत होतं म्हणूनच चुकलं. आणि त्या स्वतःच इतक्या हसल्या की त्यांना बसचा टायर धरावा लागला.

तेवढ्यात सुनेनं घड्याळ पाहिलं. "आई, अकरा वाजून दहा."

मग मात्र पळापळ सुरू झाली. पहिला नट हातानं फिरवून बाहेर आला, आट्यांवर मेणाचा पांढरा थर. दुसरा, तिसरा. दोन दिवसांच्या उलट्या ओढीनं ते दगडासारखे घट्ट झाले होते, पण गंज आधीच मेला होता, त्यामुळे एकदा कट् झालं की पुढे लोण्यासारखं. प्रत्येक कट्‌बरोबर माणसं एक पाऊल जवळ येत होती. फोरमन मोठ्यानं मोजायला लागला आणि पाचानंतर सगळेच मोजायला लागले. सहावा जरा नखरे करत होता, त्याच्यासाठी सुनेनंच मेणबत्ती पुढे केली. ब्लो लॅम्प गॅसवाल्यानं धरला.

सातव्याला काकूंच्या मनगटानं हात टेकले. पट्ट्यावरून दुसऱ्या हातानं दाबत त्या उभ्या राहिल्या, ओठ पांढरे झालेले. फोरमन पुढे झाला, तर त्यांनी मान हलवली. पुरुष झटका देतात. आणि झटक्यानं बोल्ट मोडतो.

"तू ये," त्या सुनेला म्हणाल्या. "चपला काढ. पाईपवर उभी राहा, उडी मारायची नाही. नुसतं वजन. मी सांगेन तेव्हा."

सुनेनं पर्स बसच्या पायरीवर ठेवली, चपला काढल्या आणि पाईपवर चढली. काकू नटाला कान लावून बसल्या. म्हणाल्या, थोडं. आणखी थोडं. बस्. कट्. सून वरून हसली, आणि तिला उतरायचं नव्हतं. आठवा, नववा, दहावा तिच्याच वजनानं सुटले. बाराला आठ मिनिटं कमी असताना दहावा नट फोरमनच्या हातात होता आणि बोल्ट दहाच्या दहा जागेवर.

साहेब बाराला आले तेव्हा चाक भिंतीला टेकवून ठेवलं होतं. त्यांनी ते पाहिलं, रिकाम्या बोल्टांवरून बोट फिरवलं, ते काळं झालं, रुमालाला पुसलं आणि फोरमनला म्हणाले की बघा, तुमचं तुम्ही. फोरमन काकूंकडे वळला. गॅसवाल्यानं नळी गुंडाळली, उरलेले शेंगदाणे कागदासकट काकूंच्या हातात दिले आणि गाडा ढकलत निघून गेला.

डबा त्या दोघींनी बसच्या पायरीवर बसून खाल्ला. सुनेच्या ओढणीला तेल लागलं होतं. डबा झाकताना ती म्हणाली की पातेल्याचं मी सकाळी बोलले ते चुकीचं नव्हतं. काकू म्हणाल्या, नव्हतंच. घरी येताना त्यांनी स्कूटर बाजारात थांबवायला लावली.

चारला नवरा चहासाठी टेबलाशी बसला होता. निवृत्त झाल्यापासून चारचा चहा दोघांनी मिळून घ्यायचा हा त्याचा नेम होता, आणि तो मोडेल हीच त्याची सकाळपासूनची धास्ती होती, मनगट निमित्ताला. मुलगा मोबाईलमध्ये होता. सुनेच्या तोंडाचा पट्टा दारातूनच सुरू झाला. डावं चाक, उजवं चाक, कट् आवाज, फोरमनचं मोजणं, आणि मी, मी पाईपवर. मुलानं मोबाईल खाली ठेवला. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मनगटाकडे पाहिलं. चेहऱ्यावर कौतुक होतं, आणि त्याच्या खाली धास्ती.

"जमवलंस तू," तो म्हणाला. "खरंच जमवलंस. आता मग झालं ना. आता बस जरा."

काकू बसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून एक नवं, बुटकं, सपाट तळाचं पातेलं काढलं आणि दुधाच्या पातेल्यापासून हातभर लांब, खिडकीखालच्या फळीवर ठेवलं.

"सोमवारपासून मी आठला डेपोत जाणार," त्या म्हणाल्या. "अकरा गाड्या आहेत. मनगट रविवारी डॉक्टरांना दाखवेन. सकाळचा चहा ज्याचा त्यानं करायचा, दुपारचं जेवण तुम्ही बापलेकांनी बघायचं. चारला मी सुटेन, चहा साडेचारला घेऊ. आणि या पातेल्यात कुणी दूध तापवायचं नाही."